अर्धा कोयता

बीड जिल्ह्यातल्या पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी या डोंगरपट्ट्यात माणसं मोजायचं माप वेगळं आहे. ऊस तोडायला जाणाऱ्या टोळीत किती माणसं, असं तिथं कुणी विचारत नाही. किती कोयते, असं विचारतात. एक कोयता म्हणजे एक नवरा आणि एक बायको. एकटा गडी असेल तर तो अर्धा कोयता. एकटी बाई असेल तर तीही अर्धाच कोयता, पण एकट्या बाईला टोळीत घ्यायला मुकादम, म्हणजे टोळी जमवणारा, सहसा राजी नसतो. भाऊ, दीर, वयात आलेला मुलगा, कुणीतरी जोडीला लागतंच. उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, कोयत्यावर मिळते, खाडा, म्हणजे गैरहजेरी, कोयत्यावर पडतो, हिशेब कोयत्याचा होतो. वहीत त्या कोयत्यासमोर नाव लिहिलेलं असतं ते गड्याचं.

कामाच्या ठिकाणची स्त्री-पुरुष समानता म्हटलं की बढती, रात्रपाळी, पाळणाघर, समान पगार हे विषय निघतात आणि ते निघायलाच हवेत. पण ज्या बाईची कामगार म्हणून कुठं नोंदच नाही, तिच्यापर्यंत यातलं काहीच पोचत नाही. महाराष्ट्रात ऊसतोड कामगारांची संख्या कुणी आठ लाख सांगतं, कुणी बारा लाख. आकड्यात चार लाखांची तफावत पडते, कारण धड नोंद कुणाकडेच नाही. काम जोडीनं असल्यामुळं यातल्या जवळपास निम्म्या बायका. दसरा-दिवाळीनंतर त्या सांगली, सातारा, कोल्हापूर, सोलापूर, पुण्याकडं किंवा कर्नाटकात जातात आणि मार्च-एप्रिलला पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की परततात. नंदुरबारकडच्या आदिवासी जोड्या दक्षिण गुजरातच्या कारखान्यांवर जातात. तिथंही माप कोयत्याचंच.

या बाईचं काम नेमकं काय, हे जवळून पाहिल्याशिवाय पुढचं बोलता येत नाही.

पहाटे तीन-साडेतीनला ती उठते. कोपीसमोर, म्हणजे तळावरच्या झोपडीसमोर, चूल पेटवायची, दोन्ही वेळच्या भाकरी एकदमच थापायच्या, पाणी भरायचं, लेकरं आवरायची. पाच-साडेपाचला फडात, म्हणजे तोडणीच्या रानात. गडी कोयता घेऊन पुढं सरकतो. ऊस बुडख्याशी, जमिनीला भिडून तोडावा लागतो, कारण साखर बुडाकडं जास्त असते आणि वर खोडका राहिला तर शेतकरीही कुरकुरतो, कारखान्याचा चिटबॉयही. मागून बाई येते. पाचट, म्हणजे उसाची वाळली पानं, सोलायचं, ऊस साफ करायचा, एका दिशेनं रचायचा, वाढ्यांनाच, म्हणजे शेंड्याच्या हिरव्या पानांनाच, पीळ देऊन बंध करायचा आणि मोळी बांधायची. उसाची पानं कडेला करवतीसारखी असतात आणि पाचटाची बारीक कूस कातडीत घुसते, म्हणून साडीवर गड्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवायचा. डोक्याला फडकं. एक मोळी तीस-पस्तीस किलोची, कधी चाळीसची. दोन टन ऊस म्हणजे अशा पन्नास-साठ मोळ्या. त्या डोक्यावर घेऊन फडातून गाडीपर्यंत चालायचं, आणि ट्रक असेल तर शिडीवरून किंवा तिरप्या लावलेल्या फळीवरून वर चढायचं. गाडी रात्री आली तर भरणी रात्री. त्यानंतर कोपीवर परत येऊन पुन्हा चूल. वाढे विकून चार पैसे मिळतात, ते विकण्याचं कामही बहुतेक तिचंच.

कारखान्याला ऊस स्वच्छ हवा असतो. पाचट, मुळं, माती आली की साखरेचा उतारा घसरतो आणि वजनात कपात लागते. म्हणजे काट्यावर जे वजन धरलं जातं त्यात बाईच्या सोलणीचा, रचणीचा, बांधणीचा मोठा हात आहे. तरी ज्या दरानं पैसे मिळतात त्या दराचं नाव ‘तोडणी दर’. सोलणी, बांधणी, वाहणी, चढवणी हे सगळं तोडणीच्या पोटात गेलं. ज्याच्या हातात कोयता दिसतो त्याचं काम शब्दात आलं. तिची खरी अडचण या शब्दापासूनच सुरू होते, असं मला वाटतं, कारण ज्या कामाला दरपत्रकात नाव नाही त्याचा मोबदला वेगळा मागता येत नाही.

पैशाचा हिशेब साधा आहे. जानेवारी २०२४ च्या करारात तोडणी दरात ३४ टक्के वाढ झाली. टनाला २७३ रुपये होते, ते ३६६ च्या आसपास गेले. मुकादमाचं कमिशनही एक टक्का वाढून २० टक्के झालं. चांगल्या फडात, चांगल्या उसात, एक कोयता दिवसाला दीड ते दोन टन काढतो. दोन टन धरले तर सातशे तीस-बत्तीस रुपये, दोन माणसांचे. दीड टन धरले तर साडेपाचशे. दोघांत वाटले तर बाईच्या वाट्याला पावणेतीनशे ते साडेतीनशे-पावणेचारशे, बारा-चौदा तासांच्या कामाचे. तेही कागदावर, कारण प्रत्यक्षात ते उचलीत वळते होतात. जोडीला उचल पन्नास हजारांपासून लाखापर्यंत आणि त्याहून वरही दिली जाते. पोळ्यापासून बोलणी सुरू होतात आणि पैसे गड्याच्या हातात पडतात. त्यातून जुनं देणं फिटतं, घराचे पत्रे येतात, पोरीचं लग्न होतं, दवाखाना होतो, काही ठिकाणी दारूही. सहा महिने अर्ध्याहून जास्त कष्ट करून जी रक्कम फेडायची, ती कशावर खर्च होणार हे ठरवताना तिला विचारलं जाईलच असं नाही.

समान वेतनाचा कायदा १९७६ मध्ये आला. समान किंवा समान स्वरूपाच्या कामाला समान मोबदला, असं त्यात स्पष्ट होतं, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच्या जागी लागू झालेल्या वेतन संहितेतही ते तत्त्व आहे. पण हा कायदा लावायला दोन आकडे लागतात, त्याची मजुरी आणि तिची मजुरी. इथं तिची मजुरी नावाचा आकडाच नाही. शेतमजुरीत निदान भेदभाव दिसतो, गड्याला इतके आणि बाईला तितके असा रोज जाहीर असतो, त्यावर भांडता येतं. कोयत्यात भेदभाव दिसतच नाही, इतका तो मापात मुरलेला आहे.

याच मापामुळं आणखी एक गोष्ट घडते. अर्ध्या कोयत्याला अर्धी उचल आणि टोळीत दुय्यम मान. त्यामुळं एकट्या पोराला पूर्ण कोयता व्हायची घाई असते, आणि पोरीच्या आईबापाला वयात येऊ लागलेली लेक सहा महिने गावी कुणाच्या भरवशावर ठेवायची ही धास्ती. दोन्ही घाया एकमेकींना भेटतात आणि अठरा व्हायच्या आत पोरीचं लग्न उरकतं. बालविवाहावर पथनाट्यं होतात, भिंती रंगवल्या जातात, पण उचल जोडीवर मिळते हे कारण भिंतीवर कुणी लिहीत नाही. माणशी उचल, माणशी नोंद झाली तर ही घाई पुरती थांबणार नाही, पण तिच्यामागचा पैशाचा रेटा नक्की कमी होईल.

आता खाडा. ठरलेल्या दिवशी कोयता फडात उतरला नाही की दंड. पाचशे रुपये, कुठं त्याहून जास्त. दोघांपैकी एकजण आजारी पडला तरी खाडा कोयत्याचा, कारण एकट्यानं मोळ्या बांधून गाडी भरत नाही. म्हणजे बाईनं पाळीत एक दिवस पाठ टेकली, तर तिचा रोज बुडतो, गड्याचा बुडतो आणि वर दंड. एवढा हिशेब डोक्यात असलेली बाई अंगावर कितीही गेलं तरी उठते. पाळीत कापड वापरायचं, ते धुवायला पाणी नाही, वाळवायला आडोसा नाही, बदलायला फडात जागा नाही. ओलं कापड अंगावर तसंच. त्यातून जंतुसंसर्ग होतो, पांढरं जातं, ओटीपोट दुखतं, कंबर धरते.

पुढची साखळी नीट समजून घ्यायला हवी, कारण ‘अडाणीपणामुळं गर्भपिशवी काढतात’ हे वाक्य फार सहज बोललं जातं आणि ते खोटं आहे. ओटीपोटाच्या संसर्गाला औषध आहे. सरकारी केंद्रात गोळ्यांचा कोर्स मोफत मिळतो, साधारण चौदा दिवसांचा, आणि अनेकदा तो नवऱ्यालाही घ्यावा लागतो, नाहीतर संसर्ग परत फिरून येतो. बाईला चार दिवसांत बरं वाटतं. तोवर टोळी दुसऱ्या फडावर हललेली असते, गोळ्या संपतात किंवा गाठोड्यात राहतात, नवरा तर केंद्रात आलेलाच नसतो. महिन्याभरात त्रास पुन्हा सुरू. असं तीन-चार हंगाम झाले की ती खाजगी दवाखान्यात जाते. तिथं सोनोग्राफी होते, पिशवीला सूज आहे, पुढं कॅन्सर होईल, असं सांगितलं जातं. दोन-तीन लेकरं झालेली, मूल बंद करण्याचं ऑपरेशन झालेलं. पिशवी गेली तर पाळी जाईल, पाळी गेली तर खाडा जाईल. ऑपरेशनला वीस-तीस हजार लागतात, ते उचलीतून येतात. तिच्या जागी बसून पाहिलं तर हा निर्णय हिशेबानं घेतलेला आहे. फक्त त्या हिशेबात पुढची वीस वर्षं धरलेली नसतात. पिशवीबरोबर अंडाशयही काढले असतील तर तिशी-पस्तिशीतच पाळी जाण्याची सगळी लक्षणं सुरू होतात. अंगाचा भडका होतो, झोप उडते, सांधे दुखतात, हाडं ठिसूळ होत जातात. आणि डोक्यावरची मोळी पस्तीस किलोचीच राहते.

२०१९ मध्ये हा विषय राज्यभर गाजला. विधान परिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. सहांतली एक. त्यानंतर बीडमध्ये गर्भपिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचा नियम आला, हंगामाला जाण्याआधी आणि आल्यावर तपासणीची पद्धत आली. दोन्ही गोष्टी चांगल्या. पण परवानगीचा नियम एका जिल्ह्याचा असला तर शेजारच्या जिल्ह्यातला दवाखाना दीड तासावर असतो. आणि तपासणीत हिमोग्लोबिन आठ निघालं तर पुढं काय, हा प्रश्न उरतोच. लोहाच्या गोळ्या सलग तीन महिने घ्यायच्या तर त्या फडावर पोचवणारं कुणी लागतं. गावच्या आशाताईच्या हद्दीत ती सहा महिने नसते, आणि जिथं असते तिथल्या आशाताईच्या यादीत तिचं नाव नसतं. यावर करता येण्यासारखी साधी गोष्ट आहे. निघतानाच तिचं माता-बाल संरक्षण कार्ड किंवा आरोग्य कार्ड बरोबर द्यायचं, गावच्या आरोग्य केंद्रानं ज्या कारखान्यावर टोळी चालली त्या गावच्या केंद्राला यादी पाठवायची, आणि तिथल्या आरोग्य सेविकेनं पंधरवड्यातून एकदा संध्याकाळी सहानंतर कोप्यांवर जायचं. सकाळी दहाला गेलं तर तिथं लेकरं आणि म्हाताऱ्या भेटतात. आरोग्य शिबिरं रिकामी जाण्याचं मोठं कारण ही वेळ आहे.

कामगार कायद्यात गरोदर बाईसाठी काय आहे, ते पाहिलं की जीव हळहळतो. मातृत्व लाभासाठी अट अशी की प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम केलेलं असावं. पहिल्या दोन अपत्यांना २६ आठवड्यांची पगारी रजा. हीच ८० दिवसांची अट सामाजिक सुरक्षा संहिता २०२० मध्येही आहे. उसाचा हंगाम पाच-सहा महिन्यांचा. ८० दिवस तर ती अर्ध्या हंगामात भरते. पोट वाढलेलं असतानाही भरते. मग अडतं कुठं? ८० दिवस भरल्याचा कागद नाही. २००० साली सर्वोच्च न्यायालयानं दिल्ली महापालिकेच्या प्रकरणात रोजंदारीवरच्या, हजेरीपटावरच्या बायकांनाही मातृत्व लाभ मिळाला पाहिजे असा निकाल दिला. त्या बायका कायम नोकरीत नव्हत्या, रस्त्याच्या कामावरच्या मजूर होत्या. त्यांच्याजवळ एकच गोष्ट होती, हजेरीपटावर नाव. ऊसतोडणीत हजेरीपट नाही, मुकादमाची वही आहे, आणि त्या वहीत कोयते आहेत.

हजेरीपट ठेवायचा कुणी, यावर घोडं अडतं. कारखाना करार करतो वाहतूक ठेकेदाराशी, म्हणजे ट्रक किंवा ट्रॅक्टरच्या मालकाशी. तो उचल देतो मुकादमाला. मुकादम देतो कोयत्याला. कारखाना म्हणतो, कामगार आमचे नाहीत. ठेकेदार म्हणतो, माझा व्यवहार मुकादमाशी. मुकादम स्वतःच काल-परवापर्यंत कोयता हाणणारा, त्याला मालक म्हणणं त्यालाही पटत नाही. पण कंत्राटी कामगारांच्या कायद्यात मूळ मालक ही कल्पना याच पळवाटेसाठी आणली गेली होती. ठेकेदारानं मजुरी दिली नाही तर ती मूळ मालकानं द्यायची, आणि मजुरी वाटताना मूळ मालकाचा माणूस तिथं हजर राहायचा. ऊस कुठल्या शेतातला, कुठल्या जातीचा, लागण कधीची, तोड कुठल्या तारखेची हे सगळं कारखान्याच्या संगणकात असतं. गट कार्यालयाचा चिटबॉय रोज फडात येतो. उसाच्या प्रत्येक गाडीची काटा पावती निघते. एवढी यंत्रणा असताना फडात उतरलेल्या माणसांची नावं लिहिता येत नाहीत, हे मला मान्य नाही.

राज्य सरकारनं गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ काढलं. कारखान्यांनी टनामागं १० रुपये द्यायचे आणि तेवढेच सरकारनं घालायचे, अशी त्याच्या निधीची रचना. ग्रामसेवकामार्फत नोंदणी आणि ओळखपत्र अशी पद्धत ठरली. ई-श्रम पोर्टलवरही १६ ते ५९ वयाच्या असंघटित कामगाराला स्वतंत्र नोंदणी करता येते. या दोन्हींत मोलाची बाब एकच, की ओळखपत्र माणशी आहे. जोडीला एक कार्ड नाही. बाईच्या हातात स्वतःच्या नावाचं, स्वतःच्या फोटोचं, ‘ऊसतोड कामगार’ असं लिहिलेलं कार्ड येणं ही लहान गोष्ट नाही.

आता या नोंदणीत काय चुकतं तेही सांगायला हवं, कारण हेतू चांगला असूनही कार्डं अडून राहतात. बाईच्या आधारवर माहेरचं नाव असतं आणि रेशनकार्डावर सासरचं. बँक खातं बचत गटाच्या वेळी काढलेलं, त्यावर तिसरंच काहीतरी. आधारला जोडलेला मोबाइल नवऱ्याचा, म्हणजे ओटीपी त्याच्या खिशात. तो ट्रकवर गेला असेल तर नोंदणी तिथंच थांबते. ती गावात असते मे ते सप्टेंबर, आणि त्यातले खरीपाचे दोन महिने ती खुरपायला दुसऱ्याच्या रानात. ग्रामपंचायत कार्यालय उघडं असतं तेव्हा ती नसते. म्हणून नोंदणीचा दिवस तिच्या सवडीचा हवा. आठवडे बाजाराच्या आदल्या संध्याकाळी, वस्तीवरच, एकाच सतरंजीवर ग्रामसेवक, आशाताई आणि बँक मित्र बसले तर एका फेरीत पन्नास-साठ जणींचं काम होतं.

एक धोका मात्र फार गंभीर आहे. बाईचं नाव कागदावर आणा म्हटलं की सगळ्यात आधी ते उचलीच्या कागदावर आणलं जातं. नोटरीच्या स्टँपवर दोघांच्या सह्या घेतल्या जातात. म्हणजे कर्जात ती बरोबरीची आणि मजुरीत अर्धीही नाही. आजही गडी आजारी पडला, अपघातात गेला किंवा पळून गेला तर उरलेली उचल बाईकडूनच वसूल होते. काम करताना ती अर्धा कोयता, फेडताना पूर्ण. विधवा झालेल्या कितीतरी जणी नवऱ्याची उचल फेडायला पुढच्या हंगामात कोवळ्या पोराला जोडीला घेऊन निघतात. त्यामुळं नाव आणायचा क्रम फार महत्त्वाचा. आधी हजेरीत, मग मजुरीत, मग खात्यात, आणि तिच्या खात्यावर निम्मी उचल थेट जमा होत असेल तरच शेवटी उचलीच्या कागदावर. खातं तिच्या एकटीचं हवं. जोडखातं असलं की एटीएम कार्ड कुणाकडं राहतं ते गावातल्या लहान पोरालाही माहीत असतं.

शौचालयांबद्दल थोडक्यात. कारखान्यांच्या नियमात दर २५ बायकांमागं एक शौचकूप हे जुनं प्रमाण आहे. कोप्यांच्या तळावर ते लावता येतं आणि लावलंच पाहिजे. पण तळावर पत्र्याची खोली उभी राहते, पाण्याची टाकी येत नाही, दिवा लागत नाही, आणि महिन्याभरात तिथं कडबा नाहीतर सरपण ठेवलं जातं. त्याहून मुख्य अडचण अशी की बाई पहाटे पाच ते रात्र होईपर्यंत तळावर नसतेच. ती फडात असते, आणि फड दोन-चार दिवसांनी बदलतो. उभा ऊस आहे तोवर आडोसा असतो, दुपारपर्यंत रान उघडं होतं. त्यासाठी गाडीबरोबर फिरणारा आडोसा लागतो. चार लोखंडी नळ्या, जाड ताडपत्री, झाकणाची बादली, वीस लिटरचा पाण्याचा कॅन, साबण. ट्रॉलीच्या एका कोपऱ्यात हे सगळं मावतं. पाणी प्यायची तहान मारून राहणाऱ्या बाईला लघवीची जळजळ का होते, याचं उत्तर या ताडपत्रीत आहे.

छळाची गोष्ट बायका बोलत नाहीत, पण ती आहे. रात्रीची भरणी, अनोळखी रान, दार नसलेली कोपी, आणि ज्याचं देणं आहे त्याचीच माणसं भोवती. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा कार्यालयांपुरता आहे असा सार्वत्रिक समज आहे. तसं नाही. असंघटित क्षेत्रातल्या बाईसाठी प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकारी पातळीवरून नेमलेली स्थानिक समिती असते, आणि तालुक्याला एक समन्वय अधिकारी, ज्यानं आलेली तक्रार सात दिवसांत समितीकडं पाठवायची. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत, आणि कारण पटलं तर आणखी तीन महिने मुदत. लिहिता येत नसेल तर लिहून घ्यायची जबाबदारी समितीची. ऊसतोडीत अडचण येते ती जागेची. घटना सांगली जिल्ह्यातल्या फडात, बाई बीडची, आणि ती तोंड उघडते माहेरी आल्यावर, एप्रिलच्या शेवटी. जानेवारीत घडलेल्या गोष्टीची पहिली मुदत तेव्हा संपलेली असते. म्हणून तक्रारीला उशीर का झाला ते एका वाक्यात तक्रारीतच लिहावं, उचल बाकी होती, बाहेर पडता येत नव्हतं, आणि वाढीव मुदत तिथंच मागावी. गुन्हा नोंदवायचा असेल तर कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो, हद्दीचं कारण सांगून पोलिसांना तिला परत पाठवता येत नाही. समितीचा पत्ता आणि समन्वय अधिकाऱ्याचा फोन कारखान्याच्या गेटवर लावून उपयोग नाही, बायका गेटपर्यंत जात नाहीत. तो आरोग्य कार्डाच्या मागच्या बाजूला छापावा.

गेल्या काही वर्षांत ऊस तोडणी यंत्रांना सरकारी अनुदान मिळू लागलं आहे आणि यंत्रं फडात दिसू लागली आहेत. मजूर मिळत नाहीत म्हणून यंत्र, असं कारखाने सांगतात. मोठ्या, सलग, रुंद सरीच्या रानात ते चालतं, तुकड्याच्या रानात आणि आडव्या पडलेल्या उसात अडतं, म्हणजे कोयता एवढ्यात जात नाही. पण जिथं यंत्र येतं तिथं चालक, मदतनीस, दुरुस्तीवाला अशी नवी कामं निघतात आणि ती सगळी गड्यांना जातात. बाईचं काम, सोलणी आणि बांधणी, यंत्र पहिल्याच फटक्यात गिळतं. अनुदानाच्या अटींत चालक प्रशिक्षणाच्या काही जागा ऊसतोड बायकांसाठी ठेवायला काय हरकत आहे? ट्रॅक्टर चालवणाऱ्या बायका मराठवाड्यात आज आहेत.

नोंदीचं काम करायचं तर त्याला वर्षातला एकच काळ आहे, पोळ्यापासून दसऱ्यापर्यंतचे चाळीसेक दिवस. मुकादमाच्या वहीत कोयता क्रमांकाखाली दोन ओळी आखायच्या, एक त्याची, एक तिची, आणि प्रत्येक ओळीत रोजच्या हजेरीची खूण. पंधरवड्याच्या हिशेबाला दोन रकमा, दोन अंगठे किंवा सह्या, आणि त्या पानाची मोबाइलवर काढलेली प्रत कारखान्याच्या गट कार्यालयात. त्याआधी वस्तीवर कागद जुळवायचे, आणि तेही ठराविक क्रमानं. पहिल्यांदा आधारवरचं नाव आणि मोबाइल तिचा करायचा, मग त्या नावाचं खातं, मग ओळखपत्र, मग आरोग्य कार्ड. क्रम चुकून ओळखपत्र आधी काढलं तर ते जुन्या नावाचं निघतं, बँक कागद परत पाठवते, दुरुस्तीला तालुक्याला दोन खेपा होतात. तोवर टोळीचा ट्रक वस्तीवर येऊन उभा राहिलेला असतो आणि पत्र्याची पेटी, पाट्या, शेळ्या, लेकरं वर चढवून झालेली असतात.